वगळलेलं फलन

रोहणा गावच्या एका शेतात मोजक्या जागी मातीची ओल मोजली होती. तेवढ्या आकड्यांवरून सगळ्या शेताच्या ओलीचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. त्यासाठी हाताशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त फलनं, म्हणजे गणितातले तयार आकार होते. त्यांतले थोडेच निवडायचे होते. नालवाडीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर मी तेच करत बसले होते.

निवडलेल्यांत दोन फलनं जवळजवळ सारखी निघाली. एकाला अवाढव्य गुणक मिळाला, दुसऱ्याला तेवढाच, पण उणे. दोघं एकमेकांना खोडत बसायची, आणि एखादं मोजमाप जरा हललं की सगळं उत्तर भलतीकडे जायचं. वैतागून मी एक काढून टाकलं. अंदाजातली चूक नावापुरती वाढली, उत्तर मात्र जागेवर राहिलं.

तेवढ्यात आई आली. दुसऱ्या दिवशी भावासाठी मुलगी पाहायला पुलगावला जायचं होतं, आणि गाडीत जागा कमी होती.

"तू राहू दे उद्या," ती म्हणाली.

"काऊन?"

"तुये बाबा येऊन राह्यले ना. तुमचं दोघाईचं म्हणणं एकच असते, अन् तरी चारचौघांत भांडत बसता. एकच जण बरा."

तिला तोडून बोलणार होते, पण नजर स्क्रीनवर गेली. काढून टाकलेल्या फलनात खोट काहीच नव्हती. दोघांतलं नेमकं तेच का काढलं, हे मात्र मला सांगता आलं नसतं.