दोरीनोने कढई घासली

दोरीनो ब्रेसान हा आमच्या गावच्या नगरपालिकेचा एकुलता एक पोलीस. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. त्याने पाद्रीबुवांच्या सायकलीला दंड केला आहे, सख्ख्या बायकोच्या गाडीला केला आहे आणि एकदा शववाहिनीलाही. "मेलेल्याला घाई नसते, मागच्या गाड्यांना असते," असे त्याने शोकाकुल मंडळींना ऐकवले. मी त्याच इमारतीत हिशेबाच्या विभागात बसतो. दंड त्याने करायचा आणि लोकांच्या शिव्या मी खायच्या, अशी आमची जुनी व्यवस्था आहे.

पण दोरीनोकडे आणखी एक काम असते. आमच्याकडे एखाद्याचे मन फारच बिघडले आणि तो उपचाराला नाही म्हणाला, तर दोन डॉक्टर तसे लिहून देतात, नगराध्यक्ष हुकमावर सही करतात आणि पोलीस व नर्स मिळून त्याला इस्पितळात नेतात. तो आपणहून "येतो" म्हणाला, तर सहीची गरजच उरत नाही. मानसिक आरोग्य केंद्राची नर्स नीवेस हिची सगळी खटपट त्या "येतो"साठी असते. दोघांत वाटणी ठरलेली आहे.

"दोरीनो, बोलायचं मी. तू झाडासारखा उभा राहायचंस."

"झाडसुद्धा थोडं सळसळतं, बाई."

"तू सळसळूही नकोस."

मागच्या मार्चमधली गोष्ट. फियोरेंझो हा आमचा निवृत्त लोहार. काही वर्षांपूर्वी त्याला असेच न्यावे लागले होते, तेव्हा भर गल्लीतून स्ट्रेचरला बांधून नेले. बरा होऊन आला, पण लाजेने पुढे कितीतरी दिवस कोपऱ्यावरच्या कॉफीच्या बारची पायरी चढला नाही. नीवेसने त्याला शब्द दिला होता, की पुन्हा वेळ आलीच तर तो स्वतःच्या पायांनी चालत जाईल.

ती वेळ आली. फियोरेंझोची झोप उडाली, औषधे सुटली आणि एका सकाळी त्याने जत्रेची तांब्याची भली मोठी कढई रस्त्याच्या मधोमध मांडून खाली जाळ केला. जत्रा सप्टेंबरात. हा एकटाच साऱ्या गावासाठी पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, शिजवत होता, आणि नको म्हणणाऱ्यावर ओरडत होता. शेजाऱ्यांनी फोन केले. डॉक्टरांनी लिहून दिले. नगराध्यक्ष द्राक्षमळ्यात छाटणीला गेले होते, त्यांना निरोप धाडला.

दोरीनो आणि नीवेस पोहोचले. दोरीनो पहिल्याच वाक्यात सळसळला.

"फियोरेंझो, रस्त्यात जाळ करायची परवानगी कुठाय?"

"परवानगी मरू दे! हे धर जरा, लाकडं सारतो." फियोरेंझोने ढवळायचा दांडा त्याच्या हातात दिला.

आणि दोरीनोने तो घेतला.

आता आमच्याकडे लेकराला चालता येण्याआधी एक गोष्ट कळते. पोलेंताचा दांडा ज्याने हाती घेतला, त्याने तो होईपर्यंत सोडायचा नाही. ढवळणे थांबले की मक्याचे पीठ तळाला लागते, आणि लागलेला पोलेंता वाढणाऱ्याला गाव दोन पिढ्या नावे ठेवते. दोरीनो अडकला.

"अरे, कुठे निघालास? धर की परत!"

"तू धरलास, तूच ढवळ."

नीवेस एव्हाना फियोरेंझोशेजारी त्याच्या घराच्या पायरीवर टेकली होती. "झोपला नाहीस ना?"

"झोपून काय करू? पोरंबाळं उपाशी आहेत सगळी."

"मीपण उपाशी आहे," ती म्हणाली. "पण जेवल्यावर तू माझ्याबरोबर यायचंस."

त्याने एक लाकूड जाळात सारले. तेवढ्यात भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली आणि तिच्यातल्या दोघांनी स्ट्रेचर खाली काढले. फियोरेंझो ताडकन उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि हातात जळते लाकूड आले. समोरच्या बारमधली माणसे दारात जमली.

दोरीनोचे दोन्ही हात दांड्यावर. त्याने मान वाकवून शिट्टी दातांत धरली आणि अशी फुंकली की कबुतरे उडाली.

"ए! इथे गाडी लावायला बंदी आहे! पाटी दिसत नाही?"

"अहो साहेब, रुग्णवाहिका आहे!"

"मी शववाहिनी सोडली नाही, तुम्ही कोण लागून गेलात? चर्चमागे लावा! आणि ती खाट आत घाला, रहदारीला अडथळा होतोय!"

गाडी गेली. फियोरेंझोच्या हातातले लाकूड हळूहळू खाली आले आणि जाळातच पडले.

"मीठ कमी आहे," दोरीनो धापा टाकत म्हणाला.

"तुझ्या जिभेला चव नाही," फियोरेंझो म्हणाला आणि पुन्हा पायरीवर बसला.

नगराध्यक्ष मळलेल्या बुटांनी धावत आले. "आणा तो हुकूम! दोरीनो, चल, बजावून टाकू."

"हात रिकामे नाहीत, साहेब. तुम्ही ढवळता का?"

नगराध्यक्षांनी कढईकडे पाहिले. पुढची निवडणूक जवळ होती आणि सगळा बार बघत होता. ते जपून म्हणाले, "होऊ दे, होऊ दे."

पोलेंता फळीवर उलटला, दोऱ्याने कापला. बारवाल्याने चीज आणले. सगळ्यांनी उभ्यानेच खाल्ले. फियोरेंझोही जेवला आणि जेवता जेवता त्याचे डोळे जड झाले.

"जायचं?" नीवेसने विचारले.

"कढई कोण घासणार? खरवड वाळली की तांबं गेलंच."

"मी घासतो," दोरीनो म्हणाला.

फियोरेंझोने त्याला नीट न्याहाळले. "येतो मग," तो म्हणाला. नीवेसचा हात धरून, बारवाल्याला नमस्कार करून, तो चर्चमागे चालत गेला. नगराध्यक्षांचे पेन खिशातून निघालेच नाही.

काही आठवड्यांनी तो परतला. घरी जाण्याआधी त्याने बारसमोर कढई मागवली आणि आतून बोट फिरवले.

"याला घासणं म्हणतात?"

"घासता घासता माझी टोपीसुद्धा काळी झाली!"

"टोपीनंच घासलीस वाटतं. बस खाली. व्हिनेगर घे, मीठ घे."

दोरीनो गणवेशाच्या बाह्या सारून भर रस्त्यात बसला. सगळा बार बाहेर येऊन त्याच्याकडे बघत होता, सूचना देत होता, खिदळत होता. त्या गडबडीत फियोरेंझो बारची पायरी चढून आत गेला, आपल्या जुन्या खुर्चीवर बसला आणि त्याने कॉफी मागवली. त्याच्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती.