शेठ जेवला का?

आमच्या सालवडच्या घरमालकीण मावशींना बसलेलं पाहिलं, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आणि आलाच तर तो भाडं चुकवणारा असणार, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये. मी कोरेगावाकडून बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीला आलो आणि मावशींच्या मागच्या खोलीत बरीच वर्षं राहिलो. तेवढ्या काळात त्यांना मी वाकलेलं पाहिलं, चढलेलं पाहिलं, कुंपणावरून लोंबकळत शेजारणीशी भांडताना पाहिलं, पण बसलेलं नाही. पुढे मी पालघरला घर घेतलं, तरी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे चक्कर ठरलेली. मावशींशी गप्पा मारायच्या म्हणजे घरभर फिरायची तयारी हवी. "तुझी आई काय म्हनते, गुडघे..." एवढं स्वयंपाकघरात ऐकू येई, "...बरे हाय ना?" हे परसात. आपण उत्तर द्यायला परसात पोचावं, तर बाई नळाशी. माझी बायको पहिल्यांदा आली तेव्हा शिष्टाचार म्हणून खुर्चीवर बसून राहिली आणि तिला अर्ध्याच बातम्या कळल्या.

स्वयंपाकही तसाच. गॅसवर कालवण ठेवून मावशी भाडेकरूंचं पाण्यावरचं भांडण सोडवायला जायच्या, तिथून कोणाच्या तरी बाळाला टाळू भरायला, आणि मध्येच गल्लीच्या तोंडाशी थबकून म्हणायच्या, "भाताचा वास बदलला." पळत घरी. भात कधी लागला नाही. मासळी मात्र बोईसरच्या बाजारातली चालायची नाही. "इथवर येऊन दमते ती," असं त्यांचं मत. त्यांचं माहेर समुद्रकाठच्या दातिवऱ्याचं, तेव्हा या विषयात अपील नव्हतं. रिक्षा करून चिंचणीच्या किनाऱ्यावर जायच्या, कोळणीशी जन्माचं वैर असल्यासारख्या भांडायच्या आणि येताना तिच्याच नातवासाठी खाऊ देऊन यायच्या. बोंबलाचा काटा काढायला मला त्यांनीच शिकवलं. "घाटावरचा हाय, पण शिकला," असं त्या माझी ओळख करून देताना सांगत. माझ्या सगळ्या पदव्यांत ही एक मला फार आवडते.

आणि शेठ. शेठ म्हणजे त्यांचा कुत्रा. रंगाने खाकी, एक कान कायमचा दुमडलेला. मावशी वाळत घातलेल्या बोंबलांवर त्याला पहाऱ्याला बसवून खुशाल बाहेर जायच्या. एक नवा बिहारी भाडेकरू त्या बोंबलांजवळ घुटमळत होता, तेव्हा मावशी गच्चीवरून ओरडल्या, "भैय्या, हात मत लावो, शेठ देखता हाय!" तो बिचारा हात जोडून चारी बाजूंनी शेठजी शोधू लागला. शेठने तेवढ्यात एकदा जांभई दिली. मुलं असोत की जनावरं, मावशींचा एकच कायदा: पहिल्या वर्षात लागेल ते वळण. बाहेरून आलं की शेठ दारातल्या गोणपाटावर चारी पाय पुसायचा. त्यांचा मुलगा नाशकात मोठा इंजिनियर आहे, तोही घरी आला की आधी त्या गोणपाटावर उभा राहतो. त्यांची मुलगी म्हणायची, "आम्हाला आईने ओरडून वाढवलं, शेठला समजावून." मावशींचं उत्तर तयार असे, "तो ऐकतो. तुमी कुटं ऐकत होता?"

मग यंदा ढग दिसले म्हणून बोंबील उतरवायला त्या पिंपावर चढल्या आणि पडल्या. मनगट मोडलं. नाशिकहून मुलगा आला आणि त्याने ठरवून टाकलं की आई आता एकटी राहणार नाही. त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? पण तो राहतो सातव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि तिथल्या मालकाला जनावर चालत नाही. मावशींचं एक मांजरही होतं, ते शेजाऱ्यांकडे आपल्या पायांनी गेलं, मांजरांना निरोपसमारंभ लागत नाही. प्रश्न उरला शेठचा.

आम्ही भेटायला गेलो, तर प्लास्टर गळ्यात अडकवून मावशी नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरत होत्या. आमच्या मुलीची शाळा कशी आहे, सून म्हणजे माझी बायको भाकरी थापते का, माझ्या आईने डोळे दाखवले का, असं सगळं विचारलं आणि एकाही उत्तराला थांबल्या नाहीत. डबा उघडला, बंद केला. चहा दोनदा टाकला. आम्ही निघालो तेव्हा फाटकाची कडी उगाच लावत-काढत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शेठला कोन ठेवील रे?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुत्र्यांना बघून रस्ता बदलणारी माझी बायको म्हणाली, "आम्ही ठेवतो, मावशी." त्या क्षणी मला माझ्या बायकोचा फार अभिमान वाटला.

शेठ आला, आमच्या पायपुसण्यावर पाय पुसून घरात शिरला आणि जेवेना. वाडगा पुढे ठेवला की वास घ्यायचा, दाराकडे बघत बसायचा. बायकोने दोष आपल्या हाताला दिला. आमच्या घरची भाकरी-आमटी किनाऱ्यावरच्या जिवाला कशी आवडेल! म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा बोंबील आणले आणि सवयीने त्यात सासरचा कांदा-लसूण मसाला टाकला. आम्ही सगळे शिंकलो. शेठ तर उठून दुसऱ्या खोलीत गेला. मग खोबरं घालून झालं, नुसता भात झाला, दूध झालं. शेठच्या बरगड्या दिसायला लागल्या आणि मी घाबरून नाशिकला फोन लावला.

"काय घालता" वगैरे मावशींनी विचारलंच नाही. "घरातली सगळी आली होती काय तवा?" म्हणाल्या.

"हो, आम्ही तिघंही होतो."

"आमच्याकडं सगळी घरात आल्याबिगर कोनी तोंडात घास घालत नाय. पोरांना तेच लावलं, त्यालाबी तेच. तो माझी वाट बगतोय." फोनमागचा त्यांच्या चालण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, फोन कटला. मग आवाज आला, "त्याच्या कानाशी धर जरा." मी धरला. "शेठ, मी आले. जेवले मी. खा, बाला."

शेठने वाडगा चाटून पुसून ठेवला. माझी बायको ओट्याला टेकून रडली आणि मीही कांदा चिरत नव्हतो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी नाशिकचा फोन. मागे चालण्याचा आवाज, गॅलरीचं दार, नळ. सातवा मजला पुरत नसावा. पण पावसाळ्यात एकदा वीज गेली, फोन बंद पडले, आणि शेठ वाडगा ठेवल्या ठेवल्या जेवला. दुसऱ्या दिवशीही. आता त्याला कोणाची वाट बघावी लागत नाही. आमच्या घराला तो सरावला. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

हे मावशींना सांगणारच होतो, तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "दादा, तुमचे उपकार आहेत. आम्ही इथे तिघं तीन वेळांना येतो. आई सगळ्यांसाठी थांबायची आणि शेवटी उपाशीच झोपायची. आता शेठला फोन करायच्या आधी ताट घेते. म्हणते, मुक्या जीवाला जेवले म्हणून खोटं कसं सांगू?"

काल फोन आला तेव्हा शेठ जेवून, पंख्याखाली पोट वर करून घोरत होता.

"थांबलाय ना रे तो?" मावशींनी विचारलं.

"थांबलाय, मावशी," मी म्हणालो. "दाराकडे बघतोय. तुम्ही जेवून घ्या, मग त्याला सांगा."