विचारून राहणारी माणसं

आधीच माफी मागतो. आमच्या घरात शाळेच्या वहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एवढ्यावरून मला एका इंग्रजी क्रियापदावर लिहिता येईल असंही नाही. पण ते वर्गात जेवढं समजलं त्यापेक्षा घरी जास्त समजलं, म्हणून धीर करतो.

क्रियापद आहे 'एन्टायटल'. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या मॅडमनी स्वतःच्या घराविषयी काही वाक्यं लिहायला सांगितली. मी लिहिलं, माझ्या वडिलांना आमच्या घरात राहण्याची परवानगी आहे.

"परवानगी कुणाची?" मॅडमनी विचारलं.

"भाटकाराची."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. हरमलला आमचं घर ज्या माडांत आहे ती जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. घर मात्र आमचं, पणजोबांनी घातलेल्या मातीच्या भिंतींचं. अशा माणसांना मुंडकार म्हणतात. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मुंडकाराला कायद्यानं हक्क आहे. मग 'अलाऊड' खोड आणि 'एन्टायटल्ड' लिही. परवानगी देणारा ती काढूनही घेऊ शकतो. एन्टायटल्ड माणसाला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही."

हे शेवटचं वाक्य मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी नेलं. एरवी मी आमोण्याला मावशीकडे राहून कॉलेजला जातो, त्यामुळे घराची मागची भिंत किती फुगली आहे ते मला गेल्यावरच दिसलं. वासे कुजले होते. नवे वासे आणि छपराचे नळे बाबांनी आणून अंगणात रचून ठेवले होते. काम तेवढं सुरू झालं नव्हतं.

"बाबा, उद्याच हात घालूया. दुरुस्तीक इचारूचां लागणा नाय."

"भाटकाराक सांगल्याशिवाय?"

"सांगा. पण इचारू नकात."

"सांगणां आनी इचारणां तुझ्या कॉलेजात वेगळां. आमच्यात एकच."

आई चुलीकडून म्हणाली, "शिकयलो तेचां फळ! उद्या माका सांगतलो, नवऱ्याक काय इचारू नको म्हणान."

"तू कधी इचारलंस?" बाबा म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

आमच्याकडे माडाची झावळ तोडायची तरी विचारून. चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधायची रानातली फळं आधी भाटकाराकडे जातात, मग आमच्या गणपतीपुढे. घरात नवी सून आली की तिला पहिलं भाटकाराच्या पाया पडायला नेतात. याला कुणी लाचारी म्हणत नाही, रीत म्हणतात. बाबांच्या मते जो विचारतो तो चांगल्या घरातला.

ते मला घेऊन गेले. भाटकार बल्कावात, दारापुढच्या बैठकीवर, बसले होते. बाबा खालच्या पायरीवर उभे राहिले. भाटकार प्रेमानं बोलले. ते प्रेमानंच बोलतात. "अरे, घर तुझांच मरे! तुझो हात कोण धरता? फक्त चेडो येवंदे, तेच्या कानार घालतंय." मग चहा आला, सोबत उंडो पाव.

वाटेत बाबा खुशीत होते. "बघलंस? नाय म्हणाले काय?"

होही म्हणाले नव्हते.

चेडो म्हणजे त्यांचा मुलगा, चाळिशीचा. त्याला त्या माडांत पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तो आला, अंगणात उभा राहून घर बघितलं, आणि फोनवर कुणाला तरी इंग्रजीत म्हणाला की या लोकांना आपण एन्टायटल्ड आहोत असं वाटतं. वर्गाबाहेर तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. शिवी ऐकावी तसा ऐकला. बाबांना त्यातलं काही कळलं नाही. ते हात जोडून हसत होते.

"पावसाआधी बघूया," तो बाबांना म्हणाला. पाऊस लागला तेव्हा म्हणाला, "आता कोण छप्पर उघडतं? चवथ जाऊ दे." बाबांनी मान डोलावली. त्यांनी जन्मभर लोकांच्या मातीच्या भिंती घातल्या आहेत. फुगलेली भिंत किती पाऊस झेलते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरी ते थांबले. छपरावर ताडपत्री घालायची होती, तेव्हा तीही विचारून आले. ताडपत्रीला हो मिळालं.

चवथीला ते नेहमीसारखी माटोळीची फळं घेऊन भाटकाराकडे गेले. गणपती पोचवले आणि त्याच आठवड्यात मागची भिंत बसली, तिच्याबरोबर अर्धं छप्पर. आई-बाबा आणि थोरली बहीण ओसरीवर होते म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी चेड्यानं जेसीबी पाठवला, कुणाच्या अंगावर काही पडायला नको म्हणून. उरलेल्या भिंती, आईची चूल, खिडक्यांच्या चौकटी, सगळं सपाट झालं. "घरच नाही, तर मुंडकार कसले?" असं तो तिथे जमलेल्या माणसांना म्हणाला.

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, अजून लढता येईल, मामलेदाराकडे अर्ज करा, आणि तोवर जागा सोडू नका, निदान आपलं सामान तिथून हलवू नका, ताबा त्यावरूनच दिसतो. त्यांनीच अर्ज लिहायला मदत केली. बाबांच्या सहीसाठी तो मी गावी पाठवला. आई-बाबा आणि थोरली बहीण तेव्हा चुलत्याच्या पडवीत राहत होते. रोज फोन करून मी विचारायचो, सही झाली काय? बहीण म्हणायची, "बघतत."

काल तिनंच फोन केला.

"बाबा भाटकाराकडे जावन इले."

"अर्जाचां सांगूक?"

"नाय रे. अर्ज तसोच आसा. अंगणातले आपले नळे आनी वासे उचलून न्हेऊ काय, म्हणान इचारूक."

"मगे? काय म्हणाले?"

"हो म्हणाले," ती म्हणाली. "टेम्पो पण दिलो तेंनी. सगळां उचलून हाडलां आमी, थंय अंगणात आता कायएक नाय."