ढिलं राहिलेलं कार्ड

कॉम्प्युटर उघडायच्या आधी मेस्त्री आमच्या खिडकीचा लोखंडी गज धरून क्षणभर उभे राहायचे. चप्पल दाराबाहेर, डोळे मिटलेले. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, हा माणूस खिडकीला नमस्कार करतोय. आमचे हे चिडवायचे, "काय मेस्त्री, पावला का देव?"

"अंगातला करंट उतरू द्या, शेठ. आपल्याला कळत न्हाई, पर ह्या नाजूक वस्तूला लागतोय."

"पण बिघडलंय काय?"

"आधी बघू, मग बोलू."

हे त्यांचं ठरलेलं बोलणं. घाटनांदूरच्या बाजारात एसटीडी बूथच्या मागे त्यांची खोली होती. पूर्वी रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. गावात कॉम्प्युटर आले तसे पुस्तकं आणून तेही शिकले. एकदा एका गुरुजींचा कॉम्प्युटर सुरू होईना म्हणून सायकलवरून गेले, तर भिंतीवरचं बटणच बंद होतं. गुरुजींच्या घरी पाहुणे बसलेले. मेस्त्रींनी हळूच बटण लावलं आणि उगाच अर्धा तास कॉम्प्युटरच्या आतला पंखा पुसत बसले. नंतर मेस्त्रींच्या बायकोनं मला सांगितलं. ती हसली तर तिला म्हणाले होते, "पाव्हण्यांसमोर त्येंची फजिती कावून करायची?"

इंटरनेट तेव्हा फक्त बूथवाल्याकडे होतं. तिथून गच्चीवरून वायर ओढून मेस्त्रींनी आमच्या घरात आणली. आमची लेक पुण्याला नोकरीला लागली होती आणि तिची पत्रं आता कॉम्प्युटरवर येत. भाषा मराठी, पण अक्षरं इंग्रजी. हे वाचून दाखवायचे, तेही मधलं मधलं गाळून.

एकदा आतला पंखा आवाज करतो म्हणून मेस्त्री आले होते. मी चहा दिला आणि कसंबसं विचारलं, "मराठी अक्षरं येत न्हाईत का हो ह्यात?"

त्यांनी कप तसाच खाली ठेवला. बूथवर जाऊन लेकीला फोन केला, तिच्याकडे आणि आमच्याकडे एकाच जातीची मराठी अक्षरं बसवली. दुसऱ्या दिवशी पत्र आलं. पहिल्या ओळीत नुसतं 'आई' होतं. बोट ठेवून ठेवून मी ते सगळं वाचलं. चौथीपर्यंत शाळेत गेल्याचं त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

"आता तुमच्या तुमी वाचायचं, वैनी," मेस्त्री म्हणाले.

त्यानंतर चारच दिवसांनी घट बसणार होते. गोधडीपासून पोळपाटापर्यंत घरातलं सगळं धुऊन निघालं, कॉम्प्युटर तेवढा धुळीत राहिला. लेकीची पत्रं त्यात येत होती, मला ते पटेना. हे दुकानात गेल्यावर मी प्लग काढला आणि मेस्त्री काढायचे तसं झाकण काढलं. मागं, बाहेरची वायर लागते तिथं, एक हिरवं कार्ड होतं. त्याच्यावर कोळ्याचं जाळं. स्क्रू काढून मी ते उपसलं, ओल्या फडक्यानं पुसलं, ज्वारी वाळत घातलेल्या सुपात उन्हाला ठेवलं आणि दुपारनंतर होतं तसं खोचलं.

होतं तसं कुठलं! संध्याकाळी ह्यांनी कॉम्प्युटर लावला, तर कोपऱ्यातलं इंटरनेटच्या जोडणीचं चित्र गायब. आतल्या वस्तूंची यादी उघडली, तर कार्डाचं नावच नाही.

"मेस्त्रीनं चांगलं कार्ड काढून नेलंय," हे म्हणाले. "त्याच्याशिवाय हात कुणाचा लागलाय ह्याला?"

मी भाजी निवडत होते. निवडतच राहिले.

त्याच आठवड्यात शाळेच्या दहा कॉम्प्युटरांची देखभाल कुणाला द्यायची ते ठरायचं होतं. हे शाळेच्या कमिटीवर. रेडिओ कुणी दुरुस्तीला आणेना झालं होतं, मेस्त्रींची सगळी आशा त्या कामावर होती.

कार्डाचा जाब विचारायला ह्यांनी बोलावलं होतं, सकाळी मेस्त्री आले. गज धरला, झाकण काढलं. कार्ड एका बाजूनं वर आलेलं. त्यांनी ते उपसलं, खोडरबरानं त्याचे सोनेरी दात घासले, खाचेत फुंकर मारायला वाकले आणि थांबले. चिमट्यानं काहीतरी काढून तळहातावर घेतलं. ज्वारीचं फोलपट होतं. त्यांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी पदर सारखा केला.

"काय निघालं?" ह्यांनी विचारलं.

"कचरा हाय." फोलपट त्यांनी खिशात टाकलं. कार्ड दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवलं, कॉम्प्युटर लावला, सीडी घातली. यादीत नाव आलं, कोपऱ्यात चित्र आलं. "कार्ड तेच हाय, शेठ, नंबर बघा. पंखा काढताना माझ्याच हातानं ढिलं राहिलं असंल."

"मग चार दिवस कसं चाललं?"

"हळूहळू निसटतंय." त्यांचे कान लाल झाले होते. खोटं बोलायची सवय नव्हती.

"लई हुशार समजत होतो तुमाला. शाळेची दहा मशिनंबी अशीच ढिली ठेवणार का?"

मेस्त्री पेचकस पिशवीत भरत राहिले. 'मी काढलं होतं' एवढंच मला म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर ह्यांनी कॉम्प्युटरला पुन्हा हात लावू दिला नसता, पत्रं पुन्हा ह्यांच्या तोंडून ऐकावी लागली असती. तेव्हा मी मनाशी असंच म्हटलं. आज इतक्या वर्षांनी लिहिताना कळतं, मी नुसती भ्याले होते.

शाळेचं काम परळीच्या एका माणसाला गेलं. बाजारात लोक त्यांना 'ढिले मेस्त्री' म्हणू लागले. हसण्यावारीच, पण बोलावणी तुटली. दिवाळी झाल्यावर त्यांनी खोली सोडली. लातूरला मेव्हण्याच्या दुकानात बसायचं ठरलं.

सामानाचा टेम्पो आमच्या दारासमोर थांबला होता. हे ओट्यावरून म्हणाले, "तिकडं तरी काम घट्ट करा, मेस्त्री."

"व्हय, शेठ."

आज ह्यांच्यादेखत सांगायचंच, असं ठरवून मी पाण्याचा तांब्या घेऊन खाली उतरले. मेस्त्री पाणी प्याले. मी तोंड उघडलं, तसे तेच घाईनं म्हणाले, "पोरीचं पत्र येतंय न्हवं? तुमच्या तुमी वाचता न्हवं?"

"वाचते."

"मग झालं तर, वैनी."

टेम्पो अंबाजोगाईच्या रस्त्याला लागला. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी होते.

"काय म्हणत होता गं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.