देवापुढचं चामडं

माझं तोंड फटकळ आहे, हे माहेर-सासर दोन्हीकडे माहीत आहे. पण त्या दिवशी सासरी कुडपणला ओटीचं ताट हातात घेऊन मी दारात उभी होते आणि तोंडातून शब्द फुटेना. आमची कुत्री मांडवाच्या खांबापाशी आरामात पसरून पुरणपोळी खात होती. तिचा पट्टा भिंतीवरच्या खुंटीला लटकत होता. आणि माझी मुलगी कुठेच नव्हती.

मुलगी स्वमग्न आहे. बोलत नाही, अंगाला हात लावलेला खपत नाही, आणि आवाज असह्य झाला की समोर काय आहे न बघता धावत सुटते. महाडच्या घरी दाराला वर कडी लावून दिवस काढले आम्ही. मग पुण्याहून ही शिकवलेली कुत्री आणली. कुत्रीच्या अंगावर चामड्याचा पट्टा, मुलीच्या कमरेला एक कापडी पट्टा, मधे दोरी. मुलगी पळायला लागली की कुत्री जागच्या जागी बसकण मारते. चांगली वजनदार आहे, हलत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी एकच गोष्ट घोकून घेतली होती: पट्टा अंगावर म्हणजे काम, पट्टा काढला की सुट्टी. सुट्टीत ती इतर कुत्र्यांसारखीच कुत्री.

सासऱ्यांना हे सगळं पहिल्यापासून खुपायचं. "गुरासारखी बांधतेस गो पोरीला," म्हणायचे. माणूस वाईट नाही. नातीवर जीव टाकतात. पण माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा मी सरळ म्हटलं, "मग तुम्ही धरून दाखवा." मग मीच जरा वरमले.

शिमग्याला देवाची पालखी घरोघरी येते. आमच्याकडे पालखी अंगणात शिरण्याआधी चामडं उतरवायची रीत आहे. चपला, कमरेचे पट्टे, घड्याळाचे पट्टेसुद्धा. मुंबईहून आलेले पुतणेही मुकाट्यानं पट्टे काढून पॅन्ट सावरत उभे राहतात. मी आत ओटीचं ताट करत होते. मुलीच्या कानांवर आवाज रोखणारी टोपणं चढवून तिला कुत्रीसकट सासऱ्यांपाशी बसवलं होतं. पुढे काय झालं ते नंतर कळलं. ढोल वळणावर आला तेव्हा सासऱ्यांचं लक्ष कुत्रीच्या पट्ट्याकडे गेलं. देव दारात नि चामडं? त्यांनी नातीच्या कमरेची दोरी काढली, कुत्रीचा पट्टा दोरीसकट सोडला, भक्तिभावानं खुंटीला अडकवला आणि नातीचा हात स्वतः धरला. तिनंही कधी नव्हे ते धरू दिला. मग पालखी अंगणात आली.

पालखी आल्यावर माणूस काय करतो? दोन्ही हात जोडतो!

माझं ताट खाली पडलं, नारळ गडगडत गेला. मी ओरडले तर ढोलात कुणाला ऐकूही येईना. कुडपणला घरामागे शेत, शेतामागे उघड्या कातळाचा सडा, आणि सड्याच्या टोकाला कडा. मी धावले. कशी धावले देव जाणे.

ती कड्यावर उकिडवी बसली होती, टोपणं वाटेत कुठेतरी पडलेली, दोन्ही हात कानांवर, पुढेमागे डोलत. पुढे नुसती दरी.

मागून सगळा गाव आला हाका मारत. प्रत्येक हाकेला ती थोडी पुढे सरकायची. मी वळले आणि दात-ओठ खाऊन म्हटलं, "तोंडं बंद करा सगळ्यांनी! एकानं पाऊल टाकलं तर याद राखा." गुरवालासुद्धा म्हटलं. सगळे जागीच थांबले. सासरे पांढरेफटक पडले होते, त्यांच्या हातात तो पट्टा होता. मागोमाग कुत्री आली होती, तोंडाला पुरण लागलेलं, शेपूट हलवत. यात्रेला आल्यासारखी!

मी पट्टा चढवला. बक्कल लागलं आणि तिचं शेपूट थांबलं. कान मागे गेले, चेहराच बदलला. "जा," मी कुजबुजले. ती सावकाश चालत गेली, दोरी मागे फरफटत होती. मुलीच्या अगदी बाजूला, दरी आणि तिच्या मधे जी हातभर जागा होती त्या बाजूनं जाऊन, ती अंग टेकून बसली. मी डोळे मिटले, बघवेना.

पण दोरी अडकवणार कोण? रोज सकाळी मीच अडकवते, आणि रोज मुलगी हातपाय झाडते. मी पुढे गेले असते तर ती उठली असती, आणि उठून जायला एकच दिशा होती. आम्ही एवढी माणसं, एवढे हात, आणि एकाचाही उपयोग नव्हता.

डोलणं हळूहळू थांबलं. तिनं कानावरचा एक हात काढला. कुत्रीच्या पाठीवर ठेवला. मग दोरी चाचपली, तिचं टोक ओढून घेतलं, आणि स्वतःच्या कमरेच्या कडीत अडकवलं. टक्. इतकी शांतता होती की तो आवाज सगळ्यांनी ऐकला. मी पदर तोंडात कोंबला.

कुत्री उठली, मुलगी उठली, आणि दोघी आमच्याकडे न बघता आमच्या मधून घराकडे चालू लागल्या.

"तिनं... तिनं सोता लावलान गो," सासरे म्हणाले आणि मटकन खाली बसले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, भरपूर ओरडायचं होतं, पण मीही शेजारीच बसलेली होते.

घरी आलो तर पालखी अंगणातच थांबलेली. कुत्री पट्ट्यासकट तिच्यासमोर उभी, मुलगी तिला टेकून. कुणीतरी मागून म्हणालं, "आप्पा, चामडं..." सासऱ्यांनी वळूनही पाहिलं नाही. पालखीतला गुलाल चिमटीत घेतला, वाकले, आणि देवाच्या डोळ्यांदेखत आधी त्या पट्ट्याला लावला.