चिपेवरचे दोन खळगे

साल दोन हजार बावीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि माझ्याइतकं बारीक सोल्डर मारणारा लोणावळ्यात दुसरा नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायचो.

आमचा कारखाना म्हणजे बाजारामागचं पत्र्याचं शेड, चार टेबलं आणि शेट. चिप ज्वारीच्या दाण्याएवढी, तिला केसासारखे आठ पाय. त्यांना वायर जोडायची कुठं? म्हणून नखाएवढ्या अडॅप्टर बोर्डावर ती बसवायची, मग बोर्डाच्या मोठ्या पिनांना काय ते जोडता येतं. उलटी बसली की करंट सोडताच तापते आणि मरते. एका कोपऱ्यात बारीक खळगा असतो, ती पहिल्या पायाची खूण. आमच्यात रीत अशी, की नव्या मालाचं पहिलं बोर्ड मी करायचं आणि बाकीच्यांनी ते समोर ठेवून तसंच करायचं.

त्या पावसाळ्यात नवी चिप आली; तिच्याबरोबर आलेला कंपनीचा माहितीचा कागद शेटकडे असायचा. तिच्यावर दोन खळगे, एक मोठा, एक छोटा, समोरासमोर. मी मोठा खळगा खूण धरला आणि पहिलं बोर्ड केलं. वडिवळ्याहून येणारी एक बाई माझ्याच हाताखाली शिकली होती. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण तिच्या या पगारावर चाललं होतं. ती म्हणाली,

"आबा, ह्ये तर दोन हाईत. शेटकडचा कागद बघू या का?"

"कागद बघून सोल्डर मारनारी तू पयलीच! माज्या बोर्डावानी कर, गप."

"करते बापा. नंतर म्हनू नका, इचारलं न्हाई."

बाकीच्या दोघी जुन्या मालावर होत्या; दिवसभरात तिनं एकटीनं चाळीस बोर्डं केली. एकाही पायाला सोल्डरचा जादा थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेटनं करंट सोडला. चिपा तापून एकामागून एक गेल्या. मोठा खळगा नुसता साच्याचा ठसा होता, खरी खूण छोटा. शेट कागद नाचवत आले.

"चित्रासकट लिहिलंय! कोणाच्या टेबलाचा माल?"

तेवढ्यात मी माझ्या पहिल्या बोर्डावरची उलटी चिप, कोणाला दिसू नये म्हणून, तापवून काढून टाकली होती.

"माज्या," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं, पण नाव घेतलं नाही.

"आबांनी शिकवलेल्या माणसाकडून ही चूक? ताई, उद्यापासून येऊ नका."

मी टेबल पुसत राहिलो. पुसलेलंच पुसत राहिलो. ती डबा घेऊन उठली, "येते, आबा," म्हणाली, रोजच्यासारखी.

शेटनं मला काढलं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण कबूल केलं की पुढचा प्रश्न आलाच असता: आबा, कागद का नाही बघितलात? माझी शाळा दुसरीत सुटली. बारा वर्षं त्या शेडात मी इंग्रजी कागद हातात न घेता निभावली, आणि ते कोणाला कळू दिलं नव्हतं. तेवढ्यासाठी तिला जाऊ दिलं.

संध्याकाळी वलवणला घरी मी ताट सरकवलं. "आज चिपांनीच प्वाट भरलं वाटतं," बायको म्हणाली. तिलाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटच्या आधी जाऊन दारात उभा राहिलो.

"शेट, ती चूक माजी. तिनं कागद मागितलता, मी बघू दिला न्हाई."

शेट हसले. "आबा, तिच्यासाठी खोटं कशाला बोलता? तुमच्या हातून असं होणं शक्य आहे का?"

इतकी वर्षं मिरवलेलं नाव असं आडवं आलं. बाकीच्या दोघी टेबलांशी बसल्या होत्या, कान इकडेच. मी तो कागद मागून घेतला.

"ह्यातलं एक अक्षर मला वाचता येत न्हाई, शेट. कदी आलंच न्हाई."

हसू थांबलं. शेटनं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिला फोन लावून माझ्या हातात दिला.

"चूक माजी हुती. सांगितलं मी शेटला. ये कामाला."

फोनवर तिच्या मागं बायकांचा गलका चालला होता.

"आज न्हाई जमायचं, आबा. भाताच्या लावनीला आलेय, गुडघाभर चिखलात हाय. उद्या येते. तवर ती बोर्डं मोकळी करून ठिवा."

मी तिच्या टेबलाशी बसलो आणि चाळीस मेलेल्या चिपा एकेक करून काढायला घेतल्या.