शिवलेलं पान

गाडीत चढता-उतरता ड्रायव्हरचं अंग जिथे घासतं, ती सीटची दाराकडची कड सगळ्यात आधी झिजते. मग तिथली शिवण उसवते आणि आतला फोम बाहेर डोकावतो. ती कड बघितली की मालक गाडी चालवतो की नुसती पुसतो, हे बाईंना चटकन कळतं. कळलं की त्या ते तोंडावर सांगून मोकळ्या होतात. त्यामुळे गिऱ्हाइकं त्यांना जरा वचकूनच असतात.

बाई म्हणजे गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या. सतराव्या वर्षी तंबूच्या कारखान्यात लागल्या, तिथे जाड कापडावर हात बसला. पुढे थोरल्या भावाबरोबर स्वतःचं दुकान काढलं. सीटच्या सांगाड्याची आणि स्प्रिंगांची कामं दादाकडे, कापणं आणि शिवणं बाईंकडे. दादा दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलायचा आणि त्यातली नऊ बाईंना चिडवायला असायची.

जुन्या गाड्यांच्या क्लबशी त्यांचा संबंध आला तोही सीटमुळेच. क्लबच्या त्रैमासिकाचे म्हातारे संपादक आपली सीट घेऊन आले, आणि फाटलेलं रेक्झिन घरच्या घरी कसं सांधायचं ते लिहून द्या म्हणाले. बाईंनी अर्ध्या पानात लिहून दिलं. पुढच्या वेळी एक पान झालं, मग दोन. म्हाताऱ्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी सगळ्या फायली आणून बाईंच्या कापायच्या टेबलावर ठेवल्या. जाताना दोन गोष्टी बजावल्या, दोन्ही शेवटच्या पानाबद्दल.

त्या पानाचं नाव होतं ‘कुठे थांबली?’. क्लबमधल्या ज्याची गाडी रस्त्यात बंद पडेल, त्याने ती कुठे थांबली, का थांबली आणि कोणी मदत केली हे आपल्या हाताने लिहून सहीनिशी पाठवायचं, असा रिवाज होता. वर्षभरात ज्याच्या नोंदी सगळ्यात जास्त, त्याच्या गळ्यात वार्षिक सभेत गाडी ओढायचा जाड दोर घालायचे आणि टाळ्या वाजवायचे. माणसं त्या दोरासाठी भांडायची. म्हाताऱ्यांचं बजावणं असं होतं, की कोणाच्या नोंदीत आपली अक्कल घालायची नाही, अक्षरही बदलायचं नाही. आणि चालवणारा लिहायला लाजला, तर गाडीत शेजारी बसलेल्याची नोंदही घ्यायची.

बाईंनी बावीस वर्षं हे पाळलं. तेवढ्या काळात क्लब मात्र हळूहळू दुसराच झाला. सुरुवातीच्या अंकांत कार्ब्युरेटर कसा साफ करावा, कोणत्या रस्त्यावर पाण्याची सोय आहे, असला मजकूर असायचा. मग मुलाबाळांसकट काढलेल्या सहलींचे फोटो यायला लागले. पुढे दुर्मिळ सुट्या भागांच्या चौकशा आल्या, त्यानंतर पॉलिश आलं. आता तर निम्मा अंक मनगटी घड्याळांनी आणि हॉटेलांच्या हिरवळीवर ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांनी भरायचा, आणि त्या गाड्या हिरवळीपर्यंत ट्रकवर चढून आलेल्या असायच्या. सीटच्या कडा नव्या कोऱ्या राहायला लागल्या. शेवटच्या पानावर आधी आठ नोंदी असायच्या, मग तीन झाल्या, मग एक. दोर गळ्यात घालून घ्यायला कोणी पुढे येईना, तो चार वर्षं बाईंच्या दुकानात खुंटीला लटकून होता.

अशात दातांचे डॉक्टर अध्यक्ष झाले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं चकचकीत लागायचं. त्यांनी फोन करून सांगितलं, की या पानामुळे आपल्या गाड्या भंगार आहेत असं लोकांना वाटतं. पुढच्या बैठकीपर्यंत एकही नोंद आली नाही तर पान बंद करून तिथे रंगीत फोटो टाकू. बाई म्हणाल्या, “येईल की नोंद. गाड्या आहेत, देव नाहीत.” आणि फोन ठेवला.

पण नोंद येईना. बाईंनी जुन्या सभासदांना फोन केले. एक म्हणाला, गाडी दोन वर्षं आच्छादनाखालीच आहे. दुसरा म्हणाला, थांबली होती खरी, पण छापू नका, पुढे विकायची झाली तर गिऱ्हाईक बोट दाखवेल. हे ऐकून बाईंचं डोकंच फिरलं. बंद पडणं ही आता लपवायची गोष्ट झाली होती, आणि याच लोकांचे बाप दोर गळ्यात घालून फोटो काढून घेत होते.

मग त्या स्वतःच निघाल्या. त्यांच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीची एक छोटी गाडी होती. रोज दुपारी त्या ती घेऊन टेकडीच्या चढावर जायच्या, की आता तरी थांबेल. पण बाईंनी तिची इतकी निगा राखलेली, की ती थांबायचं नाव घेईना. भर उन्हात, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण चढ बिनतक्रार चढून जायची. बाई चरफडत घरी यायच्या. दादा म्हणायचा, एखादी वायर ढिली कर, नाहीतर खोटं लिही, कोण विचारतंय. बाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

त्याच सुमाराला डॉक्टरांच्या गाडीच्या सीट नव्याने शिवायला आल्या. ड्रायव्हरच्या सीटची कड अपेक्षेप्रमाणे कोरी होती. शेजारच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत मात्र ऐवज निघाला, तसा तो निघतोच. एक केसांची पिन, बिस्किटाच्या पुड्याचा रिकामा कागद, आणि घडी घातलेली क्रेनवाल्याची चिठ्ठी. तिच्यावर डॉक्टरांच्या गाडीचा नंबर होता, गेल्या वर्षीची तारीख होती, आणि ‘टेकडीचं तिसरं वळण, फ्युएल पंप खराब, गाडी ओढून आणली’ असं लिहिलेलं होतं.

दादाने चिठ्ठी वाचली आणि त्या दिवसाचं दहावं वाक्य बोलला, “ही बैठकीत वाच. डॉक्टरचं तोंड बंद.”

बाईंच्या मनात ते आलं नाही असं नाही. चांगलंच आलं. पण सीटखाली सापडलेलं मालकाचं असतं, ते लिफाफ्यात घालून परत करायचं आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा त्यांच्या दुकानाचा नियम होता. त्या फटींमधून बाईंना लोकांचे किती संसार कळले होते. एकदा तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी कोणी सीट आणून दिली नसती, आणि बाईंना आरशात बघवलं नसतं ते वेगळंच. त्यांनी तिन्ही वस्तू लिफाफ्यात घातल्या आणि तोंड चिकटवून टाकलं.

बैठक डॉक्टरांच्या दवाखान्यातच झाली, पेशंट बसतात त्या खोलीत. भिंतीवर दातांची चित्रं आणि खाली नऊ जणांची कमिटी. डॉक्टरांनी मुद्दा मांडला, की लोकांच्या आवडी बदलल्या, अंकही बदलायला हवा. तिथवर ठीक होतं. मग ते म्हणाले, “माझंच बघा ना. सात वर्षांत माझी गाडी एकदाही रस्त्यात थांबलेली नाही. मी तरी काय लिहिणार?”

लिफाफा बाईंच्या पिशवीत होता. त्यांचा हात पिशवीत गेला आणि तिथेच राहिला. त्या रागाने नुसत्या धुमसत होत्या. पण त्या एवढंच म्हणाल्या, की ज्या क्लबात कोणाचीच गाडी थांबत नाही, त्या क्लबात कोणी गाडीच चालवत नाही. फोटो काढायला गाड्या कशाला हव्यात, खेळण्यातल्याही चालतील. यावर दोघं हसले आणि लगेच गप्प झाले. मतदान झालं. सात हात पान बंद करायच्या बाजूने वर गेले, एक बाईंचा विरोधात. नववे सभासद झोपले होते.

सगळे उठल्यावर बाईंनी लिफाफा डॉक्टरांच्या हातात दिला. “तुमच्या सीटमधलं सामान,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी तिथेच उघडून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाईंकडे बघितलं, पण बाई तोवर चपला घालत होत्या.

अंक छापून आला. चाळीस गुळगुळीत पानं, आणि शेवटच्या पानावर डॉक्टरांच्याच गाडीचा फोटो. आता कमिटीला एका गोष्टीचा विसर पडला होता. अंकांवर पत्ते चिकटवून ते पोस्टात टाकायचं काम बाईंकडेच होतं. दोनशे चाळीस अंकांचे गठ्ठे दुकानात येऊन पडले होते आणि शेजारीच बाईंचं मशीन उभं होतं, तीन पदरी रेक्झिन सहज शिवणारं.

बाईंनी झेरॉक्सवाल्याकडून दोनशे चाळीस कोरी पानं काढून आणली. वर ‘कुठे थांबली?’, खाली रेघा, तळाशी दुकानाचा पत्ता. मग प्रत्येक अंकाच्या शेवटी एकेक पान ठेवून कडेने सीटच्या दोऱ्याने शिवून टाकलं. डॉक्टरांच्या सीटसाठी आणलेला गर्द तांबडा दोरा उरला होता, तोच घेतला. दोन दिवस मशीन धडधडत होतं. दादाने चिडवायचं सोडून निमूटपणे पत्ते चिकटवले.

चौथ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. हे ठरावाच्या विरुद्ध आहे, वार्षिक सभेत तुम्हाला काढावं लागेल, वगैरे. बाई म्हणाल्या, जरूर काढा. तोवर अंक माझ्या दुकानातून जातो आणि माझं मशीन चालू आहे. पान नको असेल त्याने आपलं आपण उसवावं.

तीन आठवडे काही आलं नाही. बाई रोज पोस्टमनची वाट बघायच्या आणि बघत नाही असं दाखवायच्या. मग एक पाकीट आलं. आत तेच पान, शिवणीवरून नीट उसवून काढलेलं, तांबड्या दोऱ्याचा एक तुकडा अजून कडेला लटकलेला. खाली सही डॉक्टरीणबाईंची होती.

“टेकडीच्या तिसऱ्या वळणावर थांबली. पेट्रोल संपलं. मदतीला दोन तास कोणी आलं नाही. आम्ही दोघं दगडावर बसलो. जवळ बिस्किटाचा एक पुडा होता, तो अर्धा अर्धा खाल्ला. ह्यांनी मला कॉलेजात नापास झाल्याची गोष्ट सांगितली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मला ती माहीत नव्हती. मग क्रेन आली. मला वाटलं, कशाला आली. हे लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.”

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. दादा मागून डोकावून म्हणाला, पेट्रोल कुठे संपलं होतं, पंप गेला होता की. तेवढं दुरुस्त कर. बाई म्हणाल्या, मला पंपाचं काहीच माहीत नाही. नोंद होती तशी झेरॉक्स करून त्यांनी पुढच्या दोनशे चाळीस अंकांना शिवली.

अंक पोचला त्याच दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला. बाई भांडणाच्या पूर्ण तयारीने उठल्या. पलीकडून डॉक्टर एकदम ओरडलेच.

“पेट्रोल संपलं नव्हतं!”

“बरं,” बाई म्हणाल्या.

“बरं काय? सकाळपासून अकरा फोन आले. अध्यक्षाला पेट्रोलचा काटा बघता येत नाही का, म्हणतात. टाकी निम्मी भरलेली होती. फ्युएल पंपाचा पडदा फाटला होता. कोणाचाही फाटेल.”

गाडी थांबली होती हे जगजाहीर झाल्याचं त्यांना काहीच नव्हतं. मग पडदा कसा फाटला, आधी इंजिन कसं आचके द्यायला लागलं, आपण बॉनेट उघडून काय काय करून बघितलं, हे सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. बाईंनी मध्ये एक अक्षर काढलं नाही. बावीस वर्षं त्या ज्या पानासाठी जिवाचं रान करत होत्या, ते पान फोनवर त्यांच्या कानात बोलत होतं.

“हे लिहून पाठवा,” शेवटी त्या म्हणाल्या. “तुमच्या हातचं, सहीसकट. दुसऱ्याच्या नोंदीत मी अक्षर बदलत नाही.”

मग डॉक्टरांनी विचारलं, “त्या दिवशी बैठकीत तुमच्याजवळ चिठ्ठी होती. तुम्ही वाचली का नाही?”

“ती तुमची होती.”

आठवड्याने पाकीट आलं. पाच पानं भरून, पंपाच्या आकृतीसकट. पहिल्या पानाला टाचणीने क्रेनवाल्याची ती चिठ्ठी लावलेली होती, पुरावा म्हणून. त्याच पाकिटात आणखी दोन सभासदांच्या नोंदी होत्या. दवाखान्यात दात दाखवायला आले असताना डॉक्टरांनी त्यांना बसवून लिहायला लावलं होतं.

बाईंनी नवरा-बायकोच्या नोंदी समोरासमोर ठेवून शिवल्या. एकीत पेट्रोल संपलं, दुसरीत पंप गेला. वार्षिक सभेत बाईंना काढायचा विषय निघालाच नाही. दोर खुंटीवरून निघाला आणि डॉक्टरीणबाईंच्या गळ्यात पडला, कारण त्यांची नोंद आधी आली होती. डॉक्टरांनी यावर लेखी हरकत घेतली आहे.

ठराव मात्र अजून कोणी मागे घेतलेला नाही, आणि बाईंनीही तो मागे घ्या असं कोणाला म्हटलेलं नाही. कमिटीच्या लेखी ते पान बंद आहे. बाई ते दर अंकाला शिवतात.